खळं

नाझारिओ वेंचूर गाळ आणतो जॅमच्या बाटलीतून.
झाकणावर अजून मुर्ताच्या फळांचं लाल चित्र
आणि चित्रावर त्याच्या हातचे आकडे,
ओल्या बोटांनी लिहिलेले, तिरके:
एकतीस मीटर. पिंजऱ्यांच्या खाली.

पिंजरे म्हणजे साल्मनचे.
आमच्या बेटाच्या पूर्वेला, दाल्काहुएच्या पुढे,
पाण्यावर रांगेनं मांडलेली गोल जाळी.
आत मासे, माशांचं खाणं,
खाण्यात कालवलेलं औषध.
खाल्लेलं, न खाल्लेलं, सगळं शेवटी तळाशीच जातं.
खाली काळोखात ज्यांना तोंडही नाही
त्यांनी ते चाखलं, पचवलं,
आता निर्ढावलेत.

म्हणून तर तिथलाच आण, मी म्हटलं होतं.
जिथे जुनं विष सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय
तिथे कुणीतरी नवं शोधलं असेलच,
शेजाऱ्याला हातभर लांब ठेवायला.
नाझारिओ हसला.
म्हणाला, म्हणजे आमच्या गल्लीसारखंच.

मी शास्त्रज्ञ नव्हे. ताटल्या ओतते.
समुद्राचं पाणी गाळून, उकळून, त्यात अगर;
कोमट होईस्तोवर थांबायचं,
गालाला लावून बघायचं, बाळाच्या दुधासारखं.
मग गाळाचा थेंबभर अंश,
विरजण लावावं तसा, हलक्या हातानं,
आणि झाकून ठेवायचं. हलवायचं नाही.
दही रात्रीत लागतं.
हे नाही लागत.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर इतुर्रा म्हणाले, टाकून दे.
मी दोनशे चौदा टाकल्या.
एक राहिली. फ्रीजच्या मागे घसरली होती,
यात माझी हुशारी काही नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी झाकण उचललं
तर बटाट्यांच्या कोठीचा वास,
आजोबांच्या कोठीचा, जून महिन्यातला.
मधोमध खडूच्या ठिपक्यासारखं काहीतरी,
कोरडं, सुरकुतलेलं, वाटाण्याहून लहान.
त्याच्याभोवती मी हॉस्पिटलातले जंतू पेरले,
ज्यांच्यापुढे कास्त्रोच्या वॉर्डात
आता कुठलीच बाटली चालत नाही, ते.

सकाळी सगळी ताटली दुधाळ,
फक्त ठिपक्याभोवती खळं.
चंद्राला पडतं तसं, स्वच्छ, गोल,
आत कुणी नाही.
बोटभर जागा, जिथे यायला ते घाबरले.

मी कुणाला सांगितलं नाही.
तासभर स्टुलावर बसून राहिले.
खिडकीबाहेर ओहोटी लागली होती,
होड्या चिखलात कलंडलेल्या,
आणि मला उगाच वाटत होतं
आपण काहीतरी चोरलंय.

नंतरचं थोडक्यात.
नमुना सांतियागोला गेला.
तिथल्या यंत्रानं रेणूचं वजन केलं
आणि ओळखीचा निघाला.
माझ्या जन्माआधीच कुणालातरी कुठल्याशा शेतात सापडला होता,
उंदरांना दिला होता,
उंदरांची मूत्रपिंडं गेली होती,
फाइल बंद.
दोन ओळींचं पत्र. खाली सही. सोबत बिल.

नाझारिओला काय सांगायचं?
त्याच्या टाचेत दहा आठवड्यांची जखम,
शिंपल्यानं कापलेली, एवढीशी होती.
आता तो बूट उलटा दुमडून घालतो
आणि पायऱ्या एकेक करून चढतो.
त्यानं कधी विचारलं नाही
हे माझ्यासाठी का म्हणून.
फक्त म्हणाला, रोसाउरा, खरं सांग,
मिळालं असतं तर किती दिवस लागले असते?

दिवस नाही, म्हटलं. वर्षं. दहा, बारा.
नशीब असेल तर.

तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला.
मग पिशवीतून दुसरी बाटली काढली.
पिंजऱ्यांखालची नाही ही, म्हणाला.
भाच्याला पाठवलं होतं, खडकाच्या पलीकडे,
जिथे माझा दोर पुरत नाही.

आकडा वेगळ्या अक्षरात. चव्वेचाळीस.
झाकण मिठानं घट्ट बसलंय.
गरम पाण्याखाली धरलंय मघापासून,
फिरत नाही अजून,
आणि काठावर, चुकून धुवायची राहिलेली,
जॅमची एक चिकट रेघ.