कट्टा

ह्यांनी बंदराबंदरातून नोटा आणल्या.
साडी नाही, अत्तर नाही. नोटा.
कुणी बदलून देईना, फारच लहान.
स्टेशनसमोरचा माणूस म्हणाला, बाई, ह्या सगळ्यात एक चहा येईल,
तोही अर्धा.

बावीस वर्षं बोटीच्या इंजिनाला तेल घातलं ह्यांनी,
बावीस वर्षं मी विड्या वळल्या.
विडी घरकुलात मे महिन्यात छताचा पत्रा बोलू लागतो,
तिथं बसून समुद्र म्हणजे काय
ते मला एका नोटेवरच्या माशानं सांगितलं.

ट्रंकेला वाळवी लागली
तेव्हा सगळ्या काढून सुपात ओतल्या.
हात रिकामे राहत नाहीत माझे.
रात्रभर ओल्या फडक्यात ठेवल्या, पानासारख्या,
सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्री चालवली.
लक्ष्मी कापतेस? सासूबाई तेलुगूत ओरडल्या.
म्हटलं, अत्तम्मा, ही परक्यांची लक्ष्मी,
हिला आपलं दार ठाऊक नाही.

एक राजा उभा चिरला.
चष्मा ह्या विडीत, मिशी त्या विडीत.
एकीवर इतकी शून्यं की वळता वळता संपेनात.
काही प्लास्टिकच्या, हट्टी, सोडल्या की उघडायच्या,
त्यांना दोरा दोनदा.
आत तंबाखू नाही. काहीच नाही.

पंचवीसचा कट्टा, असे चाळीस कट्टे.
मग जुन्या चादरीवर मांडल्या, रंग बघून,
जेकॉर्डवर उतरतो तसा मोर.
मान जमली. पिसाऱ्याला निळा कमी पडला.
कारखान्यातली चेकर सुलोचना पत्रिका द्यायला आली होती,
सवयीनं एक चिमटीत धरून म्हणाली,
छाट.
आम्ही दोघी हसून हसून दमलो.

हे हसले नाहीत.
दोन दिवस मोराभोवती फिरले.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, ह्यात मोंबासाची एक होती.
दाऊद परकारनं उसने फेडले होते तिनं,
आणि पहाटे इंजिनरूममधून
त्याला चादरीत घालून वर आणला.
तू दिलेल्या चादरीत.

सगळ्या उलगडू का?
नको म्हणाले.
मी डोळे मिटून हात फिरवला.
पान कुठलं कोरडं, कुठलं किडकं,
बोटांना विचारावं लागत नाही.
मानेखाली, चौथ्या ओळीत, एक निसरडी लागली.
तेलाचा अंगठा. रात्रभराच्या पाण्यानंही गेला नव्हता.

दिली. हे उंबऱ्यात बसले,
ओठात धरली, पेटवली नाही.

मोराच्या मानेत एवढंसं भोक आहे.
येणारेजाणारे दाखवतात.
मी बुजवत नाही.