तोंड भिंतीकडे

आईच्या शोकेसमधल्या तीन वस्तू
कुणी हलवायच्या नाहीत:
दादांचं निवृत्तीचं घड्याळ, सव्वादहाला थांबलेलं,
नाताळातला शिंपल्यांचा गोठा,
आणि तो.

काळ्या फेल्टचा. लोकरीचे ताठ केस.
डोळ्यांच्या जागी दोन पांढरी बटणं,
ओठ लाल, या कानापासून त्या कानापर्यंत.
निळ्या कोटाची एक बाही कसरीनं खाल्लेली.
आई त्याला दावीद म्हणायची.
आम्ही भावंडं नुसतंच, काळ्या.

निमा आली जून संपताना,
पहाडसिंगपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीसाठी.
फार्मसीचं दुसरं वर्ष, गाव मोरोगोरो.
त्याआधी तीन घरांनी सांगितलं होतं, खोली कालच गेली.
तिन्ही दारांवर पाट्या अजून तशाच.
खरं नाव नेमा. आईनं पहिल्याच दिवशी निमा केलं
आणि अर्थ कळल्यावर म्हणाली,
"कृपा? माझ्या थोरल्या बहिणीचं नाव की गं माय ते."

भाडं द्यायला खाली आली, तेव्हा तिनं त्याला पाहिलं.
चहा प्याली. बशी पालथी घातली. गेली.
दुसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून बसलेला.
आईनं फिरवला.
पुन्हा फिरला.
श्रावण असा गेला,
दोघींपैकी कुणी एक शब्द काढला नाही,
आणि मी मध्ये, हातात पोळपाट.

समोरच्या नव्या बिल्डिंगवर
स्लॅबच्या सळईला एक बाहुली बांधलेली, उलटी, काळी,
पायाशी लिंबू, मिरच्या, बिब्बा.
निमानं विचारलं, "कोण टांगले तिथे?"
नजर लागू नये म्हणून, मी म्हटलं.
"कोणाची नजर?"
लोकांची.
"मग लोक टांगा."
हसली नाही. मी हसले, आणि लगेच
हसू कुठं ठेवावं ते कळेना.

लाइट गेलेल्या एका संध्याकाळी
आई आपणहून बोलली.
"जालन्याच्या मिशन दवाखान्यात व्हते मी. टायफॉईड. नऊ वर्षांची.
लाल केसांची मॅट्रन आली, ह्याला घेऊन.
म्हणली, घे, हा तुझ्यासारखाच हाय.
वॉर्डातल्या समद्या पोरी हसल्या.
मी बी हसले.
तवर मला कुणी काहीच दिलं नव्हतं, लेकरा.
रात्री पांघरुणात घेतला की
त्याचं तोंड दिसायचं नाही.
अंधारात नुसता मऊ."

निमानं मेणबत्तीचं मेण नखानं खरवडलं.
मग थोडं इंग्रजी, थोडं हिंदी,
मी मराठीत करून आईला सांगत गेले:
तिच्या आजोबांकडे मुरब्ब्याचा एक डबा होता,
साहेबाच्या स्वयंपाकघरातून आलेला.
डब्यावर हेच तोंड, हेच हसू.
आजोबांनी डबा धुतला, त्यात खिळे ठेवले.
डबा चांगला होता, टाकायचा कसा?
फळीवर ठेवताना मात्र
चित्राची बाजू भिंतीला.

आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "जेवून जा. वरणफळं केलीत."

एवढंच. तिनं माफी मागितली नाही,
हिनंही नाही. तो फिरत राहिला,
पण आता कोण फिरवतंय ते कळत नसे.

निमा मार्चमध्ये परीक्षा देऊन गेली.
आई एप्रिलमध्ये.

पुतणी म्हणते, जाळून टाक, आत्या, लाज वाटते.
भाऊ पुण्याहून फोन करतो,
विलायतेत याला पैसे मोजणारे आहेत, थांब जरा.
मी शनिवारी शोकेस पुसते.
घड्याळ सरळ. गोठा सरळ.
त्याच्यापाशी आलं की फडकं थांबतं.

काल बाहीच्या भोकातून आत हिरवं दिसलं.
भुसा कधीच गळून गेलेला असणार,
आईनं तो भरला होता
आपल्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्यांनी.
काठ मी ओळखला.

आडवा ठेवला मग,
पोटावर हात, जसं लेकरू झोपवतात.
रात्रीपुरता.