बर्फातले पैसे

सलालाहून निघालं की ताका, मिरबात, सदह,
मग हदबीन, आणि मग डोंगर
सरळ समुद्रात पाय सोडून बसतो.
त्याच्या अंगठ्याशी हासिक.
पुढेही रस्ता आहे, पण तिकडे जाण्याचं कारण
मला अजून कुणी सांगितलेलं नाही.
वाटेत एखादा पेट्रोल पंप,
आणि वळणावर उभी उंटीण, जिला हॉर्न म्हणजे
कुणीतरी खाकरलं, एवढंच वाटतं.

इथे मी चार हजार रियाल घातले.
बर्फात.

हेमांगी फोनवर गप्प झाली.
मग म्हणाली, शृंगारतळीला गाळा मिळत होता.
लोक सोन्यात घालतात, जमिनीत घालतात,
तू वितळणाऱ्या वस्तूत घातलेस.
मी म्हटलं, म्हणून तर.
सोनं एकदा घेतलं की दहा वर्षं कुणी फिरकत नाही,
बर्फ रोज लागतो.

या वाक्याचा मला फार अभिमान होता.
पहिल्या खरिपापर्यंत टिकला.

खरीप हा शब्द मी शाळेत शिकलो, पेरणीचा,
रब्बीच्या आधी फळ्यावर लिहिलेला.
इथे तोच शब्द, ओठ जरा घासून, खरीफ म्हणतात
आणि समुद्र पिसाळतो.
होड्या वाळूवर पालथ्या,
धुकं डोंगरावरून उतरून घराघरात डोकावतं,
आणि तीन महिने बर्फाला गिऱ्हाईक नाही.
मशीन बंद ठेवलं तर गंजतं.
म्हणून मी रोज थोडा बर्फ बनवायचो
आणि संध्याकाळी धक्क्यावर टाकून यायचो.
शेळ्या चाटायच्या.
पोरं मला अबू थल्ज म्हणू लागली,
बर्फाचा बाप.
बाप म्हणून जगात माझी तेवढीच नोंद आहे.

बखीत बिन मुसल्लम माझा भागीदार.
जागा त्याची, परवाना त्याचा, विजेचं बिल त्याच्या नावावर,
माझी फक्त वही.
त्याने माझ्या नाकाला नाक लावलं,
मी मनात व्याडेश्वराला हात जोडले,
झाला करारनामा.
वर्षअखेरीला तोटा मांडून त्याच्यापुढे ठेवला
तर त्याने वही मागून उघडली, त्याच्या लिपीच्या सवयीने.
तिकडची पानं कोरी होती.
म्हणाला, अजून पुष्कळ जागा आहे.

त्याच्या आईला मात्र ते बरं वाटलं नसावं.
तिने ओढणीच्या टोकात बांधून लुबान आणून दिला,
डोंगरामागच्या झाडांचा, हिरवट, दातात चिकटणारा.
व्याज, म्हणाली. की दुसरं काही म्हणाली,
तिची बोली मला अर्धीच कळते.
चिपळूणच्या एका वेल्डरबरोबर तो घरी पाठवला.
हेमांगीने निखाऱ्यावर टाकला.
डास गेले, तिने कळवलं. गाळाही गेला.

एका रात्री वीज नव्हती, झोप नव्हती.
मोबाइलवर नकाशा मोठा करत बसलो.
गुहागर आणि हासिक एकाच आडव्या रेषेवर,
असलाच तर केसाएवढा फरक.
इतकी विमानं बदलून, इतके शिक्के घेऊन
मी फक्त सरळ चालत आलो होतो.
तिच्या अंगणातलं ऊन
सव्वा तासाने माझ्या लाद्यांवर येतं,
वाळवणं, पापड, सगळं उरकून.
हे तिला सांगायचं होतं.
मग वाटलं, ती विचारेल, याचे किती येतील?

परवा सुरमईची बंदी उठली.
रात्री दोनला बखीत दार ठोकत होता, थल्ज, थल्ज,
आणि धक्क्यावर सात होड्या एकदम,
टॉर्चच्या उजेडात मासे चमच्यांसारखे.
सकाळपर्यंत लाद्या फोडल्या,
पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं,
त्याच हातांनी हिशेब लिहीत होतो.
आता वही उन्हात वाळत घातलीय, वर दगड ठेवून.
चार हजारातला चार अजून वाचता येतो,
शून्यं पसरलीत.