बत्तासा

नाव ठेवताना काय ठाऊक होतं.
डंडीच्या डॉक्टरीणबाईंनी अर्थ विचारला,
मी म्हटलं, साखरेचा. त्या हसल्या नाहीत.

पहिलं इंजेक्शन संत्र्याला दिलं.
दुसरं माझ्याच अंगठ्याला, चुकून.
तिसरं त्याला, मानेमागची कातडी चिमटीत धरून,
आणि बोका वाटी चाटतच राहिला,
जणू टोचलं ते शेजाऱ्याला.

दोन युनिट, दर बारा तासांनी.
सकाळी सातला माझं. टे नदीवर अंधार असतो,
पुलावरची गाडी म्हणजे नुसत्या खिडक्या.
संध्याकाळचं तुझं, रात्रपाळीला निघण्याआधी.
मधे आपण भेटत नाही.

घोळ नको म्हणून फ्रिजवर कागद लावला:
वेळ, किती दिलं, किती खाल्लं.
तुझं अक्षर कित्येक वर्षांनी पाहिलं.
तुझा ळ अजून तसाच, जिलबीसारखा.

मंगळवारी: कान टोचला, नऊ पॉइंट चार. चावला.
गुरुवारी: हिरड्यांना लावायचा मध संपत आलाय,
आणि खाली, रकाना नसताना,
तुझा खोकला कसा आहे?

मी पेन शोधत राहिले
बस चुकेपर्यंत.
पायाशी तो, रिकाम्या वाटीवर
पंजा आपटत.