अकरा सेकंद

भालू ढवळे बोलायचा तेव्हा मी त्याच्या डाव्या हाताला,
मांडीवर यंत्र, कानांवर हेडफोन.
सुई लाल रेघेपलीकडे जाऊ नये, एवढंच माझं काम,
आणि ती जायचीच.
लेफ्ट-हाफला हाक मारायची सवय होती त्याला,
मैदानाच्या एका टोकाहून, वाऱ्याच्या उलट.
माईक सहा इंचांवर असतो
हे त्याच्या गळ्याला काही पटलं नाही.

सतरा वर्षं हॉकी खेळला. फुलबॅक.
म्हणजे ज्याचं नाव पेपरात चूक झाली तरच येतं.
रेल्वेत तिकीट तपासनीस. रात्रपाळी करून झाशीहून उतरायचा
तो काळ्या कोटासकट थेट मैदानावर,
कोट गोलपोस्टाला टांगलेला, खिशात दंडाच्या पावत्या.
डाव्या नडगीवर चौदा टाके.
उजवी करंगळी दोनदा मोडून वाकडी जुळलेली,
चहाचा कप धरला की ती बाहेर राहायची, साहेबासारखी.
लोक हसायचे. तोही.

गुडघा संपला तेव्हा आवाज शिल्लक होता.
आकाशवाणी ग्वाल्हेर, हिंदीतून आँखों देखा हाल.
दौलतगंजातल्या मराठी घरात घासलेली ती हिंदी,
'गेंद' नीट, 'दाहिने छोर से' अगदी नीट,
पण गोल झाला की सगळं व्याकरण वाऱ्यावर:
गेऽऽला!
मुरैन्याहून एका श्रोत्याचं पोस्टकार्ड आलं,
महोदय, यह गेला कौन खिलाड़ी है,
हर टीम से यही गोल करता है?
ते कार्ड आम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवलं,
साहेब बदलले, काच तडकली, कार्ड तिथेच.

एक गोष्ट तो माईकवर कधी बोलला नाही.
अडुसष्टची फायनल, बरोबरी, शेवटी मिळालेला पेनल्टी स्ट्रोक.
कप्तान म्हणाला, ढवळे, तू घे.
चेंडू गोलकीपरच्या पॅडला लागून
परत त्याच्याच पायाशी आला,
कुत्र्याचं पिल्लू यावं तसा.
मी तेव्हा शाळेत होतो, भिंतीवर बसून पाहत होतो.
हे मीही त्याला कधी सांगितलं नाही.

मग सत्याऐंशी. तेच मैदान, तोच गोल,
मार्चची धूळ, घरचा संघ एकाने मागे, दोन मिनिटं उरलेली.
स्ट्रोक.
पोरगा विशीचा. त्याने चेंडू ठेवला,
उचलला, शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला.
ढवळे म्हणाला, गेंद रखी जा चुकी है, और

आणि काही नाही.

सुई शून्यावर पडली. एवढ्या वर्षांत प्रथमच.
हेडफोनमध्ये गर्दी, कुणा गजकवाल्याची घंटी,
आणि सहा इंचांवर एका माणसाचा श्वास.
स्टेशनचा फोन वाजत राहिला. मी उचलला नाही.
घड्याळाकडे मात्र पाहिलं, नोकरीचा भाग.
अकरा सेकंद.
मग तो बोलला, समोर बसलेल्याशी बोलावं तसं,
सुई लाल रेघेच्या कितीतरी अलीकडे:
कोई बात नहीं।

मेमो आला. प्रसारणात खंड का पडला, खुलासा द्यावा.
मी लिहिलं, लाइन में खराबी।
सव्वीस वर्षांच्या नोकरीत कागदावर केलेली तेवढी एकच लबाडी.
टेप पुढच्याच आठवड्यात पुसली गेली,
तिच्यावर गव्हाच्या तांबेऱ्याबद्दल कुणी तज्ज्ञ बोलले,
अर्धा तास, न थांबता.

आता कंपूला त्याच्या मुलाकडे जातो कधी कधी.
हॉकी लागली असेल तर आवाज बंद करून बघतो.
हे लोक फार बोलतात, म्हणतो,
ढवळे म्हणतो हे.
सून चहा ठेवते, करंगळी बाहेर.
मी सवयीनं डाव्या हाताला बसलेला.
मध्येच दोघंही गप्प होतो.
मी मोजत नाही.