सुईचं टोक

एकोणीस वर्षं माझ्या हातात फक्त प्रोब.
खोलीत अंधार, एसीचा गारठा,
बाहेर दसरा चौकातले हॉर्न.
मी दाखवायची, टोचायचे डॉक्टर हेर्लेकर.
"थोडं वर. अजून. थांब, रेहाना."
सुई चुकतेय हे मला आधी दिसायचं,
आणि सांगायचं कसं हे ठरेपर्यंत
पेशंट ओरडलेला असायचा.

मग कागद आला. सही, शिक्का,
दोनशे तासांचं शिक्षण.
कोंबडीच्या तंगडीवर सराव केला,
घरी सगळे हसले,
आता हिला टोचून मग शिजवायची का?

आज पहिलं माणूस.
हुपरीच्या सुमतीबाई गाट,
पैंजणाच्या कड्या जोडून जोडून
अंगठा धरलेला.
चहाचा कपही डाव्या हातानं.
"दोनदा टोचून घेतलंय ओ आदी. गुण न्हाई."

"कोण टोचणार?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.
"ही."
मग माझ्याकडं बघत राहिल्या,
माल तोलून घेतात तशा.
डॉक्टर मागं उभे, हात खिशात.
खिशातले हात हलत होते.

स्पिरिट. जेल. "गार हाय."
मनगटाच्या कडेला, अरुंद बोगद्यात
दोन शिरा शेजारीशेजारी,
आणि मधे पातळ पडदा,
दोन जावांच्या चुलींमधल्या भिंतीसारखा.
म्हणजे मागची दोन्ही औषधं
एकीच्याच घरी पोचली होती.

डाव्या हातात प्रोब, उजव्यात सुई.
माझंच मनगट एकदा थरथरलं.
मग नाही.
काळ्यातून पांढरी रेघ निघाली, तिरकी.
टोक हरवलं.
टोक हरवलं की थांबायचं,
शोधायचं,
मगच पुढं.
दोनशे तासांत शिकले ते एवढंच.

सापडलं.
भिंतीपलीकडं औषध पसरलं,
सुकलेल्या ओढ्याला पाणी यावं तसं
शिरेच्या दोन्ही अंगांनी.

सुमतीबाई दुखणं विसरून स्क्रीन बघत होत्या.
"तार सरळ ओढलीया," म्हणाल्या.
"आमच्यात अशी ओढाय धा वर्सं लागत्यात."
एकोणीस, मी मनात म्हटलं.

नोंदवहीत रकाना एकच आहे: डॉक्टरांचं नाव.
हेर्लेकरांनी पेन उघडलं,
थोडा वेळ तसंच धरलं,
आणि माझ्याकडं सरकवलं.
मी समासात लिहिलं,
बारीक अक्षरात, वडिलांच्या नावासकट.

बाहेर शिरोलीच्या फौंड्रीतला एकजण बसलाय,
डावा खांदा वर जात नाही.
म्हटलं, पाठवा.