बारा ओळी

पिंपं धुणं हे माझं काम.
गरम पाणी, साखळी, पुन्हा गरम पाणी.
आत डोकं घातलं की
गेलेल्या माणसाच्या कोटाला त्याचा वास यावा
तशी लाकडातून शिराझ येते.

नाव शिराझ.
इराणातलं ते शहर या वेलींनी पाहिलेलं नाही,
मीही नाही.
आमचं बरोसाचं खोरं, ॲडलेडच्या वरच्या अंगाला.
थडग्यांवरची अक्षरं इथे अजून जर्मन आहेत
आणि बेकरीतला खसखशीचा केक
शुक्रवारी दुपारपर्यंत संपतो.

एल्फ्रीडा क्लाइनिगच्या उतारावर बारा ओळी.
खोडं मिठीत न मावणारी, साल सुटलेली,
गोधडी पिळावी आणि वाळत घालायची राहून जावी, तशी.
एका वेलीला मूठभर घड,
दाणा बारीक, काळा, सालीचा जाड.
चावला की दात निळे.

आधी ओळी चाळीस होत्या.
ज्या वर्षी द्राक्षाला कुत्रं विचारत नव्हतं
त्या वर्षी सरकार म्हणालं,
वेली उपटा, एकरी पैसे घ्या.
एर्विननं सही केली. एर्विन म्हणजे तिचा नवरा.
त्याला नावं ठेवू नका,
ट्रॅक्टरचे हप्ते तोच भरत होता.

ऑगस्टातली थंडी. कॉलिन ओब्स्ट बुलडोझर घेऊन आला.
गुरुवार, शुक्रवार.
अठ्ठावीस ओळी आडव्या झाल्या,
ढीग रचला, पेटवला.
शंभर वर्षांची मुळं,
विझता विझेनात.
शुक्रवारी तीनला साखळी तुटली.
सुटा भाग ॲडलेडहून येणार, सोमवारी.

शनिवारी उजाडायच्या आत
एल्फ्रीडा कात्री घेऊन बाहेर पडली.
दिवसभर छाटत राहिली, रात्री कंदील फांदीला टांगून.
रविवारी चर्चची घंटा झाली.
आयुष्यात रविवारी तिनं बटणही शिवलं नव्हतं.
घंटा थांबेपर्यंत तिच्या आणखी तीन वेली झाल्या.

सोमवारी कॉलिननं पाहिलं,
बारा ओळी, प्रत्येक काडीवर दोन-दोन डोळे राखलेले.
छाटलेली वेल म्हणजे पुढच्या वर्षाचं ठरलेलं.
तो या खोऱ्यातलाच. बापानं त्याला हेच शिकवलेलं.
एर्विनला म्हणाला, यंत्र परत बिघडलं.
इंजिन चालूच होतं
आणि तो त्यावर बसूनच बोलत होता.

एर्विन काही बोलला नाही.
बारा ओळींचे पैसे त्यानं टपालानं परत पाठवले.
वसंतात ट्रॅक्टर गेला.

आता बाटलीला मेणाचं बूच,
बुचाखाली क्रमांक, आणि किंमत अशी
की माझ्या आठवड्याच्या पगारात दोनसुद्धा बसत नाहीत.
माणसं सिंगापूरहून येतात,
पेला तिरका करून कडेचा रंग बघतात.
काळी मिरी, म्हणतात. प्लम. सिगारच्या डब्याचं लाकूड.
मार्चमध्ये एक बाई बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, धूर आहे यात. अगदी थोडा.
कुठून येतो?

नातू टोबियास म्हणाला, पिंपांचा.
ओक आतून भाजून घेतात ना, त्याचा.

पिंपं मी धुतो.
या शिराझची पिंपं सात वर्षांची जुनी,
त्यांच्यात भाजल्याचं काही उरलेलं नाही.
मी पाईप गुंडाळत होतो, गुंडाळत राहिलो.

एल्फ्रीडा अठ्ठ्याऐंशीची आहे. वाइन घेत नाही,
जेवताना लिंबाचं सरबत.
चर्चमध्ये तेव्हापासून शेवटच्या बाकावर बसते,
कुणी बसवलं नव्हतं तरी.
छाटणीला मीही जातो, ऑगस्टात हात कमी पडतात.
ती कुंपणापर्यंत येते, काठी टेकून.
किती राखलेस?
दोन.
बघू, म्हणते,
आणि खरंच वाकून बघते.
पलीकडे अठ्ठावीस ओळींच्या जागेत
मेंढ्या चरतात, त्यांना
तिथल्या गवतात काय लागतं कोण जाणे,
एका काळ्या पट्ट्यावरून हलत नाहीत.